बाय द स्किन ऑफ वन्स टीथ

संकटातून अगदी थोडक्यात सुटणे किंवा एखादी गोष्ट कशीबशी साधणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. शब्दशः अर्थ ‘दातांच्या कातडीने’.

उगम : बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक (अध्याय 19, वचन 20). संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेला ईयोब मित्रांपुढे आपली दशा मांडताना ही प्रतिमा वापरतो. मूळ हिब्रू शब्दरचना 1560 च्या जिनिव्हा बायबलने इंग्रजीत जशीच्या तशी उतरवली आणि 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीने ती घरोघरी पोहोचवली. लॅटिन व्हल्गेटमध्ये मात्र दातांभोवती केवळ ओठ उरल्याचे म्हटले आहे. दातांना कातडी नसते. म्हणून काही भाष्यकार येथे हिरड्या अभिप्रेत मानतात, तर काही ‘जवळजवळ काहीच नाही’ असा अर्थ घेतात.

अर्थांतर : जुन्या इंग्रजी बायबलांत ‘विथ’ हे शब्दयोगी आहे. नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावे, तसा ईयोब दातांच्या कातडीनिशी उरला; भर सर्वस्व गेल्यावर आहे. पुढे ‘विथ’च्या जागी ‘बाय’ रूढ झाले आणि कातडी ही शिल्लक न राहता बचावातले अंतर ठरली. आज बोलणाऱ्याच्या स्वरात बहुधा सुटकेचा निःश्वास असतो.

वापर : निसटणे, टिकणे, जिंकणे, उत्तीर्ण होणे अशा क्रियापदांबरोबर हा वाक्प्रचार येतो. ‘वन्स’च्या जागी ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ अशी रूपे येतात. जिवावरचा प्रसंग असलाच पाहिजे असे नाही. काठावर पास झालेला विद्यार्थी किंवा सुटत्या गाडीत चढलेला प्रवासीही तो वापरतो. मात्र शेवट अनुकूल हवा. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीला तो लागू पडत नाही. ‘क्लोज शेव्ह’ हे नाम थोडक्यात सुटण्याच्या प्रसंगालाच दिले जाते, तर ‘निअर मिस’ विमानवाहतूक व औद्योगिक सुरक्षेच्या नोंदींत टळलेल्या अपघातासाठी योजतात.

मराठीत ‘थोडक्यात बचावणे’ हा सर्वांत जवळचा पर्याय होय. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण मृत्यूच्या दारातून परतलेल्यासाठीच शोभते. परीक्षेच्या निकालाला ती जड होते.

साहित्य : थॉर्नटन वाइल्डर यांच्या ‘द स्किन ऑफ अवर टीथ’ (1942) या नाटकात न्यू जर्सीतील अँट्रोबस कुटुंब हिमयुग, महापूर आणि युद्ध यांतून तगते. त्याला 1943 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दर वेळी पुन्हा पहिल्यापासून उभे राहणाऱ्या या कुटुंबाच्या कथेत ईयोबाच्या काळचा अर्थ अधिक जाणवतो.