शिरूर व दौंड तालुके : आर्थिक वाढीचा इतिहास

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारे तालुके. भीमा व तिच्या घोड, मुळा-मुठा या उपनद्यांचे सान्निध्य असूनही अल्प व अनियमित पावसामुळे येथील शेती दीर्घकाळ मुख्यतः ज्वारी-बाजरीवर अवलंबून होती. काही देशांची उत्पन्नवाढ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर काहींची खुंटते. याची मीमांसा अर्थशास्त्रज्ञ विविध प्रकारे करतात. केवळ भांडवल वाढवून वाढीचा वेग कायम राखता येत नाही, असे रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये दाखविले. डग्लस नॉर्थ यांनी मालमत्तेचे हक्क व करारपालन यांसारख्या संस्थांवर भर दिला. या दोन तालुक्यांचा इतिहास उभय विचारांच्या मर्यादा स्पष्ट करतो.

कर्ज आणि कायदा : रयतवारी पद्धतीने शेतकऱ्यास जमिनीचा हस्तांतरणीय हक्क मिळाला व दिवाणी न्यायालयांमुळे करारपालनाची हमी आली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढून दख्खनमध्ये पैसा खेळू लागला आणि जमिनीच्या तारणावर कर्ज सुलभ झाले. युद्धानंतर भाव कोसळले. मात्र फेरआकारणीत जमीनमहसूल वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखे वरचेवर नवे करून घेतले जात व थकलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई. शिरूर तालुक्यातील करडे येथे १८७४ च्या अखेरीस सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखाची मिळकत घेतली, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व हिशेबवह्या नष्ट करण्यावर होता. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. त्याने न्यायालयांस व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. परंतु स्वस्त कर्जाची पर्यायी सोय केली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला.

पाणी आणि दळणवळण : दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला होऊन दौंड महत्त्वाचे प्रस्थानक बनले. त्याच सुमारास खडकवासला जलाशयाचा मुठा उजवा कालवा पाटसपर्यंत पोहोचला व त्याच्या लाभक्षेत्रात उसासारखी बागायती पिके शक्य झाली. शिरूरच्या कोरडवाहू गावांची स्थिती मात्र निराळी होती. हॅरल्ड मान व कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुकची पाहणी करून १९२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न निर्वाहासही अपुरे असून ती कर्जात बुडालेली आढळली.

स्वातंत्र्योत्तर काळ : घोड व चासकमान प्रकल्पांच्या पाण्याने शिरूरच्या काही भागांत बागायत वाढली. न्हावरे व पाटस येथे सहकारी साखर कारखाने निघाले. पुढे रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रांनी शेतीबाहेर रोजगार निर्माण केला.

मालमत्तेचा हक्क, बाजारपेठ व लोहमार्ग १८७५ पूर्वीच या प्रदेशात आले होते. तरीही ते वाढीऐवजी ऋणग्रस्ततेस कारण झाले. भावातील घसरण किंवा अवर्षण सोसण्याचे बळ शेतकऱ्याजवळ नसेल, तर हस्तांतरणीय हक्क जमीन गमावण्याचेच साधन ठरतो. पाणी, पत व पर्यायी रोजगार यांची जोड मिळाली, तेथेच वाढ टिकली. ही जोड ज्या गावांना अपुरी मिळाली, ती मागे राहिली.