गाण्याकडे गेलेले यंत्र

दरवर्षी २ ऑगस्टला आमच्या शाळेत मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. ती कथा सांगताना मी मुलांना हिराबागेची हकीकत आवर्जून सांगतो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याच्या हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या उत्पन्नातून मुक्तिसंग्रामास पैसा मिळाला. या खटपटीत सुधीर फडके पुढे होते; सिल्वाशात शिरलेल्या स्वयंसेवकांतही ते स्वतः होते. काही वर्षांपूर्वी ही हकीकत संपताच सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, ते गाणे ऐकवता का?"

हिराबागेतले ते गाणे ऐकविण्यास माझ्याजवळ काही नव्हते. त्याऐवजी मी फडक्यांच्या आवाजातील गीतरामायण लावले. सिल्वाशाच्या मुक्तीनंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे प्रसारण सुरू झाले व वर्षभरात गदिमांची ५६ गीते पुरी झाली. मुले ऐकत राहिली. परंतु त्या मुलीच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही. तिने गाणे मागितले नव्हते, तो प्रसंग मागितला होता.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ही चुकामूक प्रारंभापासूनच दिसते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व हॉटेलातील खोलीत त्याने आपले यंत्र मांडले. यंत्र सातासमुद्रांपलीकडून आले खरे; पण अखेरची चार पावले गायकालाच चालावी लागली. त्याने कर्ण्याशी तोंड न्यावयाचे, मान हलवावयाची नाही, आणि तीन मिनिटांच्या आत राग आटोपावयाचा. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने स्वतःचे नाव उच्चारावे, अशी रीत पडली. जुन्या तबकड्यांवर गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते, ते या कारणाने. आज आपण तो तिचा नखरा समजतो.

या व्यवहारास सर्वांनीच मान्यता दिली असे नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांनी तबकडीसाठी गाणे दिले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी दिले, तेही हात राखून. केसरबाईंचा जन्म गोव्यातील केरीचा, म्हणजे आमच्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखालील मुलखातला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची जी तबकडी अंतराळात धाडण्यात आली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. भरल्या बैठकीत तासन्‌तास राग उलगडणाऱ्या या गायिकेची साडेतीन मिनिटे ताऱ्यांकडे गेली. अभिमान वाटतो, आणि थोडे हसूही येते.

महायुद्धानंतर ध्वनिफितीचे यंत्र आले आणि वेळेचे बंधन सैल झाले. बैठकीच्या एका कोपऱ्यात ते ठेवता येऊ लागले. तंबोरे जुळविणे, एखाद्या जाणकाराची दाद, मध्येच आलेला खोकला, हे सर्व फितीत उतरू लागले. पुण्यात हेमा राईरकर व गी पॉतवें यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, तो मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी मिळविल्या आणि बर्नार बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ओवी कोणत्या गावची, कोणत्या बाईने म्हटली, याची नोंद त्यांनी ठेवली. आपल्या लोकगीतांच्या कित्येक छापील संग्रहांत गाणारीचे नावही नसते. शब्द शुद्ध करून घेतले की संपादकाचे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत होती.

ती माझीही होती, हे कबूल केले पाहिजे. शाळेत लागलो तेव्हा वारली-कोकणा मुलांच्या घरचे संगीत जपून ठेवावे, असे मी मनात घेतले. वैशाखात एका वृद्ध तारपेवाल्यास मी वर्गात बोलाविले, खिडक्या लावून घेतल्या आणि कॅसेटचे यंत्र समोर ठेवले. वाळलेल्या दुध्या भोपळ्यास मेणाने जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, असे हे वाद्य. त्यात फुंकीचा धागा तुटू द्यावयाचा नसतो. वादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो. म्हाताऱ्याने माझ्या शब्दाखातर वाजविले. पण तारपा हा पावसाळ्यानंतर भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंत रात्री वाजवावयाचा. वैशाखातल्या दुपारी, बाकांच्या रांगांसमोर, तो कोणासाठी वाजवीत होता? ध्वनिमुद्रण मात्र अगदी स्वच्छ झाले.

पुढल्या आश्विनात मी दमणगंगेकाठी त्याच्या पाड्यावर गेलो. तारपेवाला मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून मंडळी त्याच्याभोवती फिरणारी. तो स्वतःही फिरत होता, त्यामुळे सूर जवळ येई, दूर जाई. पायांचा ठेका, काठीचे घुंगूर, कुत्री, कोणाचे तरी रडणारे मूल, सगळे फितीवर आले. मध्यरात्रीपूर्वीच बॅटरी संपली. नाच पहाटेपर्यंत चालला.

त्याच पाड्यावरील एका लग्नात मी पुन्हा यंत्र घेऊन गेलो. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, आणि तिची गाणी हाच विधी. तिने यंत्राकडे पाहिले व म्हणाली, "हे देवाचं आहे, मास्तर. पेटीत नको." मी यंत्र पिशवीत घातले. ती गाणी माझ्या संग्रहात नाहीत, आणि त्याची मला खंत वाटत नाही.

तारपेवाला वारल्यावर काही वर्षांनी त्याचा नातू माझ्याकडे आला. त्याला आजाचे वाजविणे शिकावयाचे होते. मी मोठ्या हौसेने वर्गातली स्वच्छ फीत लावली. थोडे ऐकून तो म्हणाला, "सर, यात पाय नाहीत. चाल कुठे बदलायची ते कळत नाही." मग मी पाड्यावरची फीत काढली. तो डोळे मिटून बसला. मूल रडते त्या जागेनंतर जरा पुढे त्याने हात वर केला आणि तेवढा भाग पुन्हा लावावयास सांगितले.