जोत्यापासून आढ्यापर्यंत

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकही जुनं घर एका दमात उभं राहिलेलं नाही. आमचंच बघा. आजोबांनी जोतं घातलं, थोरल्या काकांनी भिंती उठवल्या, वडिलांनी छप्पर बदललं आणि आतली जमीन आजीने आणि काकूंनी केली. शेजारच्या कुठल्याही घरात विचारा, नावं बदलतील, क्रम हाच निघेल.

याचं कारण मुंबईत आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या रत्नागिरी जिल्ह्यातले तरुण परळ-लालबागची वाट धरू लागले. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणीतला पगार पोस्टमनच्या हातून थेट ओटीवर येऊ लागला. त्यातून आधी दुकानदाराची उधारी फिटायची. मग उरलं तर चिरे.

चिरा म्हणजे सड्यावरच्या खाणीतून काढलेला जांभा दगड. खाणीत तो मऊ असतो, हातातल्या हत्याराने तासता येतो. हवा-ऊन लागलं की कडक होतो. ‘लॅटेराइट’ हे त्याचं शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातला असाच दगड बघून दिलं. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी रत्नागिरीत १९१० मध्ये पूर्ण झालेला राजवाडाही याच दगडाचा. आमच्याकडे चिरे एकदम विकत घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. ते थोडे थोडे आणून खळ्याच्या कडेला रचायचे. तोवर दगड कडक व्हायचा आणि पुढच्या कामाचे पैसेही जमायचे. लाकूड कृष्णपक्षात तोडायचं, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, असं सुतार सांगत. वाशांना ऐन-किंजळ, दाराच्या चौकटीला फणस. चौकट उभी राहिली की उंबऱ्याची पूजा. त्या दिवशी वाडीतली माणसं मजुरी न घेता कामाला येत आणि दुपारी घरधन्याकडे जेवत.

घराच्या आतल्या कामाबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. भिंती पुरुषांच्या नावावर जमा होतात, जमीन कुणाच्याच नाही. माती आणून भिजवायची, पसरायची, आणि ती अर्धवट ओली असताना लाकडी चोपण्याने चोपत राहायचं. घाई केली तर भेगा पडतात, उशीर केला तर माती दबत नाही. ही वेळ आजीला तळव्याला लागणाऱ्या ओलीवरून कळायची. माजघर, ओटी, पडवी अशी एकेक जागा ती ओणवी राहून चोपत गेली. मग शेणाचं सारवण. सणाला जमीन काळीभोर दिसावी म्हणून त्यात कोळशाची, पुढे बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड मिसळायची. भिंत एकदा उठवली की झाली, ही जमीन मात्र बायकांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा केली.

छपरावर आधी कुंभाराचे नळे होते. माकडं ते फोडायची आणि पावसाआधी दरवर्षी सगळं छप्पर परतावं लागायचं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तिथली एकमेकांत अडकणारी सपाट कौलं जहाजांतून कोकणच्या बंदरांत उतरली आणि हळूहळू आतल्या गावांत पोचली. आमच्या छपरावर ती वडिलांनी चढवली, तेही आधी पुढची बाजू आणि पैसे जमल्यावर मागची. काही कौलांवर इंग्रजीत १८६५ असं उठवलेलं दिसतं. त्यावरून घर तेव्हाचं आहे असं पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरी आटल्या. वाडीतली दोन घरं जोत्यावरच थांबली. त्या जोत्यांवर अजून गवत उगवतं. पुढच्या पिढीने पैसा मिळवला, पण तो सिमेंट आणि स्लॅबकडे गेला. स्लॅबच्या घरात माकडाचा त्रास नाही, शाकारणी नाही, हे खरं. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण गावचं जुनं घर पाडायला काढणार असाल तर एवढं करा. ते कुणी, कुठल्या वर्षी, किती वाढवलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः बायकांना, आधी विचारून लिहून ठेवा. आणि मातीत बांधलेली भिंत जेसीबीने पाडू नका. एकेक चिरा हाताने सुटतो आणि नव्या घराच्या जोत्याला पुन्हा लागतो.