मिठावरचा कर आणि सोलापूरचे मास्तर

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाताना गोखिवरे लागते. आज तेथे कारखान्यांचे गाळे आणि इमारती यांची दाटी आहे. पण दक्षिणेला खाडीच्या बाजूला वळले की मिठागरांचे चौकोन अजूनही भेटतात. याच गोखिवऱ्यातला, मराठी एम.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी राज्य कर निरीक्षक पदाच्या स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करत होता. एके दिवशी तास संपल्यावर त्याने विचारले, "सर, कर वसूल करणाऱ्याची परीक्षा असते. पण कर किती असावा, कोणावर असावा, हे ठरवणाऱ्याला जो समजावून सांगतो, त्याची परीक्षा कुठली?"

प्रश्न भाबडा नव्हता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे विचार करताना जाणवले की याचे उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे, आणि त्याचा धागा या मिठागरांपर्यंत येऊन पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणकिनाऱ्यावर मीठ पिकवणे हा सरकारी परवान्याचा विषय होता. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने उत्पादन, साठवण आणि वाहतूक यांवर सरकारी पहारा बसवला होता. कर भरल्याशिवाय मीठ आगराबाहेर नेता येत नसे. १८८८ साली हा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला होता. मण म्हणजे सुमारे सदतीस किलो. मीठ तयार करण्याचा खर्च मणामागे काही आण्यांचा, आणि त्यावर कर अडीच रुपये! श्रीमंताच्या ताटात जेवढे मीठ, साधारण तेवढेच गरिबाच्या भाकरीबरोबर. त्यामुळे हा कर ज्याच्याकडे सर्वांत कमी त्याच्याकडून उत्पन्नाच्या मानाने सर्वांत जास्त घेत असे.

करांच्या ओझ्याविषयी मराठीत तोवर लिहिले गेले नव्हते असे नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतसारा, लोकल फंड आणि नोकरशाही यांच्या कचाट्यातला शेतकरी उभा केला आहे. साहित्याचे विद्यार्थी तो ग्रंथ गद्यशैलीसाठी वाचतात. करव्यवस्थेवरील टीका म्हणून तो क्वचितच वाचला जातो. मात्र सरकारी आकड्यांना सरकारी आकड्यांनीच उत्तर देण्याची रीत वेगळ्या ठिकाणी घडत होती. १८७८ पासून निघू लागलेले पुणे सार्वजनिक सभेचे त्रैमासिक हे ते ठिकाण. न्यायमूर्ती रानडे हे त्यामागचे प्रेरणास्थान, आणि त्यातल्या अनेक भक्कम आर्थिक लेखांचे कर्ते होते गणेश व्यंकटेश जोशी.

जोशी (१८५१–१९११) हे सरकारी शाळांतले शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. त्या पिढीला ते 'सोलापूरचे जोशी' म्हणून ठाऊक होते. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात हा माणूस अंदाजपत्रके, व्यापाराचे तक्ते आणि सरकारी अहवाल वाचत असे. सरकारी नोकर असल्याने राजकारणात उघडपणे उतरण्याची सोय नव्हती. त्रैमासिकातले त्यांचे लेख बिननावी छापले जात. त्यांचे लेखन ग्रंथरूपाने एकत्र आले ते १९१२ साली, म्हणजे मृत्यूनंतर. ज्याला आज आपण करधोरणाचे विश्लेषण म्हणतो ते काम त्यांनी आयुष्यभर केले. पण त्या कामाला ना पद होते, ना पगार, ना नाव.

त्या कामाला आवाज मिळाला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. फर्ग्युसनमधला हा प्राध्यापक, अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचा कर्ता, रानड्यांच्या तालमीत तयार झाला होता. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी तो इंग्लंडला गेला, तेव्हा त्या साक्षीच्या तयारीत रानडे आणि जोशी या दोघांचा हात होता. केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेल्यावरही गोखले जोशींना पत्रे लिहून मुद्दे आणि आकडे मागवत राहिले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वेळच्या कायदेमंडळाचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क दिला होता. ठराव मांडण्याचा नाही, मत देण्याचा तर नाहीच. भाषण कितीही प्रभावी झाले तरी एक पैचाही कर त्याने कायद्याने बदलू शकत नव्हता. हाती होते ते केवळ वाचन आणि मांडणी.

आणि साहित्याच्या माणसाने थांबावे ते इथेच. हे सारे भाषण एका अर्थाने एकाच शब्दाचे वाचन आहे: 'शिल्लक'. सरकार म्हणत होते, अंदाजपत्रकात सालोसाल शिल्लक पडते, अर्थात देश सुखी आहे. गोखल्यांनी विचारले, ही शिल्लक आली कोठून? चांदीचा भाव पडला तेव्हा रुपया घसरला होता आणि इंग्लंडला पाठवायच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत होते. त्या तुटीचे कारण देऊन कर वाढवले गेले. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या आणि तेरा पेन्सच्या आसपास उतरलेला रुपया काही वर्षांत सोळा पेन्सवर स्थिरावला. तुटीचे कारण गेले. कर मात्र तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही समृद्धीची खूण नव्हे, तर दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे. आपण वर्गात कवितेतला एखादा शब्द घेऊन तो कोणाच्या तोंडी आहे, काय लपवतो, हे पाहतो. गोखल्यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या जोशींनी तीच नजर सरकारी ताळेबंदाला लावली.

१९०३ साली मिठावरचा कर दोन रुपये झाला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. १९०३ सालीच प्राप्तिकराची माफीमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सारे एका भाषणाने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिजोरी भरलेली होती आणि राज्यकर्त्यांची स्वतःची गणितेही होतीच. पण शिल्लक पाहून कर कमी करावा ही मागणी आकड्यांनिशी इतकी चोख मांडली गेली होती, की तिच्याकडे काणाडोळा करणे अवघड झाले.

ही परंपरा पुढे अनेक हातांतून गेली. फर्ग्युसनचेच वामन गोविंद काळे १९२३ साली टॅरिफ बोर्डाचे सभासद झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने आला. आणि १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी नेमके विचारले, की प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सूट आहे, तर शेतसारा लहानातल्या लहान शेतकऱ्याकडूनही का घेतला जातो? १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगिळांनी तिला आकार दिला. जोशींनी फावल्या वेळात केलेल्या कामाला छप्पर मिळाले. मिठावरचा कर मात्र पूर्णपणे गेला तो १९४७ साली.

आज त्या विद्यार्थ्याला दाखवण्याजोग्या वाटा आहेत. दिल्लीत सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे; खासदारांसाठी विधेयकांची टिपणे तयार करणारी पी.आर.एस. ही संस्था २००५ साली सुरू झाली. आणि आपल्या अगदी जवळचे म्हणजे कायद्यांचे मराठी अनुवाद आणि परिभाषाकोश यांचे काम १९६० साली स्थापन झालेले भाषा संचालनालय करते. कायद्याच्या मराठीत 'आणि' हवे की 'किंवा', यावर कोणाला कर द्यावा लागेल हे ठरू शकते. हे काम भाषा जाणणाऱ्याचे नाही तर कोणाचे?

एक खंत मात्र उरते. जोशी आणि गोखले यांची मूळ मांडणी इंग्रजीत झाली. ज्या आगरावरच्या मजुराच्या मिठासाठी हा युक्तिवाद चालला, त्याच्या भाषेत तो पुरेसा उतरला नाही, आणि अजूनही अर्थसंकल्पाच्या दिवशी मराठी वाचकाच्या वाट्याला काय स्वस्त, काय महाग याची यादीच बहुधा येते. विद्यार्थ्याला मी १९०२ च्या त्या भाषणाची प्रत दिली आणि सांगितले, याचे पहिले चार परिच्छेद मराठीत करून आण, एकही आकडा न गाळता. महिनाभराने त्याने वही आणून दिली. 'शिल्लक' या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिले होते: "कोणाची?"