गुडघ्यातली गादी इतका भार कशी पेलते?

पाये साफ करताना हाडाच्या टोकावर पांढरट, निळसर झाक असलेला चकचकीत थर दिसतो. नखाने दाबला तर जरासा दबतो, पण सहज निघत नाही. हीच सांध्याची कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असते.

वर्गात आम्ही हे सब्जाने समजावतो. मलमलच्या छोट्या पोटलीत सब्जा सैलसर बांधून पाण्यात टाका. बी फुगतं, कापड ताणलं जातं, पोटली टणक होते. कूर्चेत साधारण ६५ ते ८० टक्के पाणीच असतं. ते ओढून धरणारे ॲग्रिकनचे रेणू म्हणजे सब्जा, आणि कोलॅजनच्या धाग्यांची जाळी म्हणजे मलमल. पाऊल पडलं की पाणी या दाट जाळीतून पटकन निसटू शकत नाही, म्हणून बराचसा भार त्याच्यावरच तोलला जातो.

धागेही कसेही विणलेले नसतात. १९२५ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफ यांनी त्यांची मांडणी कमानीसारखी असल्याचं दाखवलं. वरच्या थरात ते आडवे असतात, म्हणून घासणं सोसतात. मध्ये तिरपे, आणि तळाशी उभे, हाडाकडे रोवलेले.

गुडघे दुखले की आपल्याकडे म्हणतात, 'ग्रीस संपलं'. खरं तर झिजेच्या सुरुवातीला कूर्चेतलं पाणी उलट वाढतं! जाळी सैल पडते, थर फुगून मऊ होतो आणि मग झपाट्याने झिजतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती नीट भरून येत नाही. नसाही नाहीत, म्हणून अम्मी दुखतंय म्हणेपर्यंत बरीच झीज झालेली असू शकते.

नांदुऱ्याच्या शिवारात बाया तासन्‌तास उकिडव्या बसून निंदण करतात. दाब सतत राहिला की पाणी हळूहळू बाहेर जातं. उठलं, चार पावलं चाललं की परत येतं, आणि याच ये-जामधून कूर्चेच्या पेशींना अन्न मिळतं. म्हणून मधूनमधून उठावं. दुखतंय म्हणून खाटेवर पडून राहणं तर आणखी वाईट.

पायाचा रस्सा आम्हालाही आवडतो, पण त्यातलं कोलॅजन पोटात पचतं, थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. त्यापेक्षा वजनाकडे बघा. १ किलो उतरलं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे ४ किलोने कमी होतो. गुडघा सुजत किंवा अडकत असेल तर मात्र तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.