एकल सॅक्सोफोन आणि मिरजेची तबकडी : प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण एक इतिहास-साधन

प्रस्तुत लेखात प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण वरकरणी दूरचे आहे. सनी रोलिन्स या अमेरिकन जाझवादकाची ‘द सोलो अल्बम’ ही ध्वनिमुद्रिका १९ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील शिल्प-उद्यानात, श्रोत्यांसमोर मुद्रित झाली. रोलिन्स महाराष्ट्राला अपरिचित नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात राहिला होता आणि १९७८ च्या मुंबईतील ‘जाझ यात्रा’ महोत्सवात त्याने वादन केले होते.

आपण ज्यास एकलवादन म्हणतो त्यात तानपुरा व तबला असतातच. येथे ढोल नाही, खर्जाचे वाद्य नाही. केवळ एक सॅक्सोफोन आणि सुमारे ५६ मिनिटे. ही वाट प्रयोगशील जाझमध्ये अँथनी ब्रॅक्स्टनच्या ‘फॉर अल्टो’ने (मुद्रण १९६९, प्रकाशन १९७१) रुळवली होती. रोलिन्स त्या पंथाचा नव्हे, तरी त्याचे धाडस त्याच जातीचे आहे. तो परिचित धुनांचे तुकडे उचलतो, मध्येच सोडून देतो, पुन्हा शोधू लागतो. काही समीक्षकांना हे सरावासारखे वाटले. आक्षेप निराधार नाही. परंतु कलावंताचे चाचपडणे ऐकू येणे, हेच अभ्यासकाच्या दृष्टीने या मुद्रणाचे मोल होय.

याउलट आपल्या मिरजेचे उदाहरण पाहावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचे गायन आज आपणांस प्रामुख्याने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरूनच ज्ञात आहे. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे! त्यांचा स्वर कळतो. रागाची सावकाश होणारी बढत मात्र कळत नाही. ती आपण शिष्यांच्या गायनावरून व आठवणींवरून अनुमानतो आणि पुढे त्या अनुमानासच इतिहास म्हणतो.

मिरजेच्या दर्ग्यातील स्मृतिसभा व सातारा जिल्ह्यातील औंधचा संगीत महोत्सव यांबाबत तरी हे टाळता येईल. अशा मैफलींच्या फिती ज्यांच्या संग्रही असतील, त्यांचे चुंबकीय लेपन कालौघात झडते. आपली महाविद्यालये मोडी कागदपत्रांच्या सूची करतात. ध्वनिफितींची सूची मात्र इतिहास विभागाचे काम मानली जात नाही. फितीवर तारीख, स्थळ, राग व साथीदारांची नावे नोंदवणे आणि तिची संगणकीय प्रत करणे यास मोठा निधी लागत नाही. ज्या वृद्ध श्रोत्यांना ते आवाज ओळखता येतात, त्यांच्या हयातीतच हे व्हावयास हवे.