अँटेना, बाह्य बिनतारी

इमारती किंवा गावे इंटरनेटने जोडण्यासाठी गच्चीवर वा मनोऱ्यावर बसवलेली अँटेना.

जागा निवडताना खरी अडचण भूगोलाची असते. ठाणे आणि डोंबिवली यांच्यामध्ये पारसिकची टेकडी आहे. रेल्वेने तिच्यातून 1916 साली बोगदा नेला, 5.8 गिगाहर्ट्‌झच्या लहरींना मात्र उंच इमारतीवरून किंवा मधल्या टप्प्यावरूनच जावे लागते. समोरचे टोक नुसते दिसूनही भागत नाही. 5 किमी. अंतराच्या जोडणीत मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे 5 मी. जागा मोकळी लागते. म्हणूनच मे महिन्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत, ओली पालवी आड आल्यावर, अडखळते.

2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने यावर सुंदर तोड काढली : टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्या. या लांब लहरी झाडीतून अधिक सहज जातात.

बसवणाऱ्याचा जीव सर्वांत आधी. खांब आडवा पडला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही, एवढे अंतर हवे. गडगडाट असताना किंवा गच्ची ओली असताना चढू नये. सुरक्षा पट्टा बांधावाच. खांब जस्तलेपित असावा, त्याला अर्थिंग द्यावे आणि केबलवर सर्ज अरेस्टर लावावा. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला, की पावसाचे पाणी तिथेच ठिबकते.